शांततेचे राखणदार

गोव्यातली मराठी घरं उत्तराखंडात निघाली की वाट बहुधा ठरलेली असते : हरिद्वार, चारधाम, फार तर नैनीताल. अल्मोड्याच्या पुढे जाऊन जागेश्वरला मुक्काम करणारे थोडेच. वाळपईच्या एक निवृत्त शिक्षिका मैत्रिणींबरोबर तिथे राहून आल्या आणि आल्यापासून त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे. डोंगर, जंगल, जुनी देवळं, सगळं आपल्या सत्तरी तालुक्यात आहे, मग इथे कुणी का येत नाही? त्यांचा भाचा सत्तरीतच कुळागर सांभाळतो, देवराई आणि जंगल टिकवण्याच्या कामात गावकऱ्यांबरोबर असतो. कुणी येत नाही म्हणूनच हे सगळं शिल्लक आहे, असं त्याचं ठाम मत. वाद एका घरातला असला तरी त्यात साऱ्या तालुक्याचा प्रश्न आहे, म्हणून तो जसाच्या तसा मांडला आहे.

मावशी : तू एकदा जाऊन ये, मग बोल. काठगोदामला रेल्वे संपते आणि पुढे सगळा घाट. अल्मोडा मागे टाकून पस्तीसेक किलोमीटर आत गेलं की देवदारांचं रान लागतं आणि त्या रानाच्या तळाशी जागेश्वर. लहानमोठी सव्वाशेच्या आसपास देवळं, सातव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान बांधत गेलेली. काही तर माणसाच्या उंचीचीही नाहीत. शेजारून जटागंगा वाहते, आपल्याकडच्या व्हाळाएवढीच. सकाळची पूजा आटोपली की मागे राहतो तो पाण्याचा आवाज आणि झाडांतला वारा. दारुकावनातलं ज्योतिर्लिंग ते हेच, असं तिथले लोक मानतात. आपण औंढा नागनाथ मानतो, गुजरातेत द्वारकेजवळचा नागेश्वर मानतात. मी म्हटलं, तिन्हीकडे हात जोडावेत. एका घरात राहिलो आम्ही. बाईंनी नाचणीची भाकरी वाढली. तिथे मडुआ म्हणतात तिला.

भाचा : त्या वाटेवर कैंचीधाम लागतं ना? तिथे किती वेळ अडकलीस?

मावशी : अडकलो, खोटं कशाला सांगू. नीम करोली बाबांचा आश्रम आहे तो. १५ जूनला तिथे मोठा मेळा भरतो. आम्ही गेलो तेव्हा मेळा नव्हता, तरी गाड्यांची रांग हलेना.

भाचा : १९६४ साली तो आश्रम उभा राहिला तेव्हा तेही ओढ्याकाठचं शांत ठिकाणच होतं. म्हणजे एकाच डोंगरात, एकाच वाटेवर कैंची आहे आणि जागेश्वरही आहे. तू मला जागेश्वर दाखवतेस. मी विचारतो, सत्तरीचं यांतलं काय होणार, हे ठरवणार कोण? गाड्या एकदा यायला लागल्या की ते गावाच्या हातात राहत नाही. चोर्ल्याच्या घाटात आपलं सुर्ला गाव बघ. पठारावरचं थंड हवेचं गाव, समोर दऱ्या, पावसात धबधबे. सुट्टीच्या दिवशी तिथे निसर्ग बघायला किती येतात आणि पिऊन धिंगाणा घालायला किती येतात, ते तिथल्या बायांना विचार.

मावशी : ते मला मान्य आहे. पण लोक सुर्ल्यालाच का जातात? त्यांना दुसरं काही ठाऊक नाही म्हणून. ब्रह्मदेवाचं देऊळ बघायचं तर पुष्करला जावं लागतं, अशी लोकांची समजूत. आपल्या वाळपईहून सात-आठ किलोमीटरवर ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेव उभा आहे. कदंब राजांच्या काळातली, बाराव्या शतकातली मानली जाते ती मूर्ती. काळ्या पाषाणाची, समोरून तीन मुखं दिसतात, मधल्या मुखाला दाढी, दोन्ही बाजूंना सावित्री आणि सरस्वती. इतकी सुबक मूर्ती इतक्या जवळ असून पणजीतल्या माणसाला पत्ता नाही. तो मुलांना घेऊन दर रविवारी किनाऱ्यावर जातो.

भाचा : ती मूर्ती इथे कशी आली, हे तूच मला शिकवलंस. मूळची ती तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देव उचलला आणि नदीपलीकडे, डोंगराकडे आणला. तेव्हा सत्तरी त्यांच्या हाताबाहेर होती. इथे त्यांचा अंमल आला तो अठराव्या शतकात. म्हणजे आडबाजूला असणं हेच त्या देवाचं संरक्षण होतं. जे लपलं म्हणून वाचलं, त्याची तू आता जाहिरात करायला निघालीस.

मावशी : लपवला तो पाडणाऱ्यांपासून. हात जोडायला येणाऱ्यापासून कुणी लपवला नव्हता. आणि तू अर्धीच गोष्ट सांगतोस. परक्या गावचा देव घेऊन दमलेभागलेले लोक आले, तेव्हा इथल्या माणसांनी काय केलं? आमचं गाव, आमचा देव, तुम्ही पुढे व्हा, असं म्हटलं? जागा दिली, आसरा दिला. त्या गावचं नाव आपल्या गावाला लागलं, तेही चालवून घेतलं. ते देऊळच मुळी पाहुणचारातून उभं राहिलं आहे. त्याच्या दाराशी पाहुणा नको म्हणणं मला जमायचं नाही.

भाचा : हे मात्र तू बरोबर बोललीस. पण ते आले होते राहायला. इथल्या रीती पाळून, इथल्या सुखदुःखात वाटेकरी व्हायला. आता येतो तो तासाभरासाठी. त्याला देऊळ दिसतं, देवळाचं काम दिसत नाही. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा काय होतं? मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडते की डावी, याकडे सगळ्यांचा जीव लागलेला. कुणाच्या पोरीचं लग्न असतं, कुणाचा जमिनीचा तंटाबखेडा असतो. ते काय कॅमेऱ्यात घ्यायचं? आणि झर्म्याचा चोरोत्सव तर बघवत नाही आता. गावाने फार पूर्वी निरपराध माणसांना चोर समजून मारलं, अशी कथा आहे. शिगम्यात माणसं जमिनीत पुरून घेतात ती त्या पापाची आठवण म्हणून. पूर्वजांच्या हातून घडलेली चूक दर वर्षी सगळ्यांसमोर कबूल करणारं गाव आहे ते. बाहेरून आलेल्याला ती गंमत वाटते. तो मोबाईल पुढे करून वाकतो आणि हसतो.

मावशी : कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चितईला मी वेगळं बघितलं. अल्मोड्याजवळच आहे ते, गोलू देवाचं देऊळ. न्यायाचा देव. कोर्टात दाद लागली नाही की माणूस तिथे अर्ज करतो. अगदी स्टॅम्प पेपरवर लिहून, नाव-गाव घालून, दोऱ्याने बांधून टाकतो. काम झालं की घंटा वाहतो. नखाएवढ्या घंटा आहेत, दोन माणसांनी उचलाव्यात अशाही आहेत. हजारो अर्ज वाऱ्यावर फडफडत असतात. आमच्यातली एक वाचायला पुढे झाली, तर तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी हात धरला. रागाने नाही. म्हणाल्या, हे देवाला लिहिलेलं आहे. मग स्वतःहून बसून देवाची सगळी कथा सांगितली. आपलं गाऱ्हाणं आणि तिथला अर्ज, मला काही फरक वाटला नाही. तिथे परका माणूस येतो म्हणून देवाचं काम थांबलेलं नाही. फक्त हात धरणारं कुणीतरी तिथे बसलेलं आहे.

भाचा : बस, इथेच माझं म्हणणं आहे. हात धरणारं माणूस हवं. आपण त्याला राखणदार म्हणतो. गावाच्या वेशीवर रात्री फिरणारा, हातात काठी, पायांत वहाणा. त्याला आपण रोट वाहतो, पण त्याचं काम करायला तयार नसतो. शांतता म्हणजे नुसता आवाज नसणं नव्हे, मावशी. कुणीतरी काहीतरी सोडून दिलेलं असतं, कुणीतरी काहीतरी सोसलेलं असतं, तेव्हा ती उरते. नाणोड्याजवळ बांबरला निरंकाराची राय आहे. देवाला आकार नाही, म्हणून मूर्ती नाही. जायफळाच्या कुळातली झाडं चिखलात उभी आहेत आणि त्यांची मुळं माणसाच्या दुमडलेल्या गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली आहेत. त्या मुळांतून झाड श्वास घेतं. अशी दलदलीची रानं गोव्यात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ती उरली कशी? पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथली सुकी काटकीसुद्धा चुलीला लावली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरात सरपण नसताना लावली नाही. त्या मुळांवरून शंभर माणसं चालली तर काय राहील?

मावशी : रायीत मीही कुणाला नेणार नाही. पण जागेश्वरची गोष्ट ऐक. २०२४ मध्ये तिथल्या रस्त्याचं रुंदीकरण करायचं म्हणून देवदारांवर खुणा केल्या होत्या. थोडीथोडकी नव्हे, हजारभर झाडं. गावचे लोक उभे राहिले. हे महादेवाचं वन आहे, म्हणाले. झाडांना राखीचे धागे बांधले. देशभर बातमी गेली आणि सरकारला थांबून फेरविचार करावा लागला. जागेश्वर लोकांना माहीत होतं म्हणून ती बातमी झाली. एखाद्या अनाम गावातली झाडं असती तर करवत कधी फिरली, ते कळलंही नसतं. ओळख असणं हीसुद्धा राखण आहे.

भाचा : आणि रस्ता रुंद करायचा होता कशासाठी? येणाऱ्यांच्या गाड्यांसाठीच ना?

मावशी : हो. त्याचसाठी.

भाचा : म्हणजे रोग आणि औषध एकाच झाडाला लागलं. तुझं म्हणणं खोटं नाही, पण अपुरं आहे. बिनसरला गेला होतात का तुम्ही?

मावशी : गेलो. अभयारण्य आहे ते. स्वच्छ दिवस होता, नंदादेवी आणि त्रिशूळ समोर दिसत होते.

भाचा : त्याच बिनसरमध्ये २०२४ च्या जून महिन्यात वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी जळून मेले. चीडाच्या सुया वाळून पडतात, एका ठिणगीला पेट घेतात. आपल्याकडे आदल्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं होतं. साट्रे, चरावणेच्या बाजूला डोंगर रात्रभर लाल दिसायचे. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी आणून ओतत होती आणि खाली वनखात्याची माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. १९९९ साली २०८ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य झालं, तेव्हापासून आतल्या गावांना जमीन, बागायत, रस्ता, प्रत्येक गोष्टीसाठी झगडावं लागतं. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. ते पाप होतं, त्यात शंका नाही. पण ज्याचं जनावर वाघाने नेलं, त्याच्या दारात तेव्हा कोण गेलं होतं? जुलै २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. वाघ राहायलाच हवा. पण वाघाबरोबर राहण्याची किंमत साट्रेचा माणूस भरतो आणि त्या जंगलाची शांतता उपभोगायला येतो तो भलताच कुणी. हा हिशेब मला पटत नाही.

मावशी : मग हिशेब बदलू. मी हेच तर म्हणते आहे. आपल्या तालुक्यातली पोरं शिकतात आणि पणजीला, वेर्ण्याला जातात. मागे म्हातारी माणसं आणि पोफळी. काजूचा हंगाम दोन-तीन महिने, त्याचाही भाव आपल्या हातात नाही. जागेश्वरला आम्ही राहिलो, त्या घरातला मुलगा दिल्लीहून परत आला होता. चार खोल्या, आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी तोच आम्हाला देवळं दाखवायचा. कुठल्या देवळाच्या चौकटीवर काय कोरलंय, कुठला देवदार कुणाच्या नावाचा, सगळं त्याला ठाऊक. आम्ही दिलेले पैसे त्याच घरात राहिले. जंगल गेलं तर त्याचं घर चालणार नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. किंमत जो भरतो त्याच्याच घरात पैसा गेला पाहिजे, असं तू म्हणतोस. त्याला मार्ग हाच.

भाचा : चार खोल्यांची चाळीस खोल्यांची इमारत व्हायला किती वेळ लागतो? जमीन गावाची राहते तोवर ठीक. एकदा बाहेरच्याने डोंगर विकत घेतला की हाच मुलगा तिथे पाणी भरायला राहतो. पेडणे आणि बारदेशच्या किनाऱ्यावर आपण हेच बघितलं.

मावशी : म्हणून नियम आधी हवेत, माणसं नंतर. पण कुणीच नको, हा नियम नव्हे. जे कुणी बघत नाही ते सुरक्षित असतं, असं तुला वाटतं. अल्मोड्याजवळ कटारमलला सूर्यमंदिर आहे, कत्यूरी राजांच्या काळातलं. तिथली मूर्ती चोरीला गेली आणि मग धास्तीने कोरीव लाकडी दरवाजेही काढून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले. देऊळ आहे, दारं नाहीत. आपल्याकडे गावोगाव केळबाय आहे, गजलक्ष्मीचे कोरीव दगड उघड्यावर, झाडाखाली. एखादा उद्या उचलून नेला तर त्याचा साधा फोटोसुद्धा पोलिसांना द्यायला आपल्याकडे नसेल. नजर असणंही लागतं, बाबा.

भाचा : नजर गावाची हवी. तांबडी सुर्ल्याला काय होतं ते बघ. धारबांदोड्यात येतं ते, पण आपल्याला शेजारचंच. पुरातत्त्व खात्याने राखलेलं, गोव्यातलं कदंब काळचं उभं राहिलेलं देऊळ ते. रविवारी गाड्या येतात, पायऱ्यांवर फोटो, की चालले धबधब्याकडे.

मावशी : मी शाळेतली मुलं घेऊन जायची तिथे. आत जायच्या आधी दगडाला हात लावायला सांगायची. गोव्यात घर बांधायचं तर जांभा. हा दगड मात्र काळा, मऊसूत, बारीक कोरता येणारा. जवळपास कुठे मिळत नाही, घाटावरून उतरवून आणला असं मानतात. आठशे वर्षांपूर्वी, या रानातून. मुलं गप्प व्हायची. मग खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती शोधायला लावायची. कुणाला आधी सापडतो याची चढाओढ. नंदीला डोकं नाही, ते का नाही यावर परतीच्या वाटेवर बसमध्ये भांडणं. अर्धा दिवस जायचा तरी निघवत नसे. फोटो काढून पळणारी माणसं वाईट नसतात रे. त्यांना हत्ती कुणी दाखवलेला नसतो.

भाचा : तू मुलांना न्यायचीस तेव्हा तू स्वतः तिथली राखणदार होतीस. कुणी कचरा टाकला असता तर कान धरला असतास. मला तसे लोक आधी उभे राहिलेले बघायचे आहेत. गावातली दहा-बारा मुलं-मुली, ज्यांना देवळं माहीत आहेत, झाडं माहीत आहेत आणि नाही म्हणायची धमक आहे. आधी ती, नंतर पाहुणे. रायी, कौल आणि चोरोत्सव कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमात नकोत. ज्याला बोलावणं असेल तो येईल. आणि पैसा पंचायतीबाहेरच्या दलालाकडे नको.

मावशी : मान्य. माझी एक भर घाल. येणाऱ्याने निदान एक रात्र राहिलं पाहिजे. तासाभरात येऊन जाणाऱ्याला दाखवण्यासारखं आपल्याकडे काही नाही आणि ते नसलेलंच बरं. जागेश्वर मला पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं. नुसती देवळं मोजत होते. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी त्या बाईंबरोबर पाणी भरायला गेले, तेव्हा कुठे गाव दिसलं.

भाचा : आणि ब्रह्मकरमळीचं काय? तुला तिथे पाटी लावायची आहे.

मावशी : मला काय हवं त्याला महत्त्व नाही. देऊळ ज्यांचं, त्यांना विचारू. महाजन आहेत, गावकर आहेत. पाहुण्यांनी यावं का, कधी यावं, कुठपर्यंत यावं, हे त्यांनी सांगायचं.

भाचा : ते नको म्हणाले तर?

मावशी : तर नको. कुणाच्या घरात जायचं तर आधी हाक मारतो आपण, देवाच्या घराला वेगळा नियम कशाला? पण शाळेतल्या मुलांना कुणी नको म्हणणार नाही. आपल्याच तालुक्यातल्या किती मुलांनी हा ब्रह्मदेव बघितलाय? नाणूसच्या किल्ल्यावर दिपाजी राण्यांनी १८५२ साली पोर्तुगिजांविरुद्ध बंड पुकारलं, ते किती जणांना ठाऊक आहे? बाहेरचे पाहुणे आले नाहीत तरी चालेल. घरचीच माणसं परकी झाली तर उद्या राखणार कोण?

भाचा : हे आधी बोलली असतीस तर इतका वाद घातलाच नसता. मुलांना न्यायचं असेल तर मी येतो बरोबर. झाडांचं मी सांगेन, देवळांचं तू सांग. सुरुवात म्हाऊसपासून करू. तिथे झर्मे नदीतल्या काळ्या दगडांवर आदिमानवाने कोरलेले बैल आहेत, पण उन्हाळ्यात पाणी ओसरल्याशिवाय सगळे दिसत नाहीत. म्हणजे सहल मार्च-एप्रिलमध्ये. परीक्षांच्या तारखा तू शाळेला विचार, वाटेतल्या गावकऱ्यांशी मी बोलतो.